घडी आणि तिचा क्रम

एक चौरस कागद, दोन हात, आणि त्या कागदाला बाहेरून काही जोडावयाचे नाही व त्यातून काही कापून टाकावयाचे नाही असा एक निर्बंध, एवढ्याच भांडवलावर जिचा सारा व्यवहार चालतो आणि जिला आज जगभर ओरिगामी या जपानी नावाने ओळखतात, त्या घडीकलेचा साद्यंत परिचय मराठी वाचकाला व्हावा या हेतूने प्रस्तुत संग्रह सिद्ध झाला आहे. शिल्पकाराला दगडाचा नको तो भाग काढून टाकता येतो, मूर्तिकाराला मातीवर माती चढविता येते, चित्रकाराला न जमलेल्या रेषेवर दुसरा रंग देता येतो. घडी घालणाऱ्याला यांपैकी एकही सवलत नाही. आरंभी जेवढा कागद हाती होता तेवढाच, त्याच क्षेत्रफळाचा, अखेरीस पक्ष्याच्या पंखांत, मानेत आणि शेपटीत वाटला गेलेला असतो. जो भाग डोळ्यांना दिसत नाही तोही आत थरावर थर होऊन, दिसणाऱ्या भागाला आधार देत बसलेला असतो. त्यातच कागदाचा स्वभाव असा की, घडी पडताना त्यातील तंतू आपल्या लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे वाकतात, काही तुटतात, आणि म्हणून एकदा पडलेली घडीरेषा मागाहून कितीही दाबली तरी पुरती पुसली जात नाही.

माझ्या मते या कलेचे खरे द्रव्य क्रम हे आहे. कोणती घडी आधी, कोणती नंतर, कोणती केवळ खूण म्हणून घालून उलगडावयाची आणि कोणती कायम ठेवावयाची, या अनुक्रमात तिचा जीव असतो. घडीची वस्तू फाटते, भिजते, रद्दीत जाते. क्रम मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर शतकानुशतके टिकतो, आणि न गेला तर त्या हाताबरोबरच नाहीसा होतो. हा क्रम कोणी, कोणाला आणि कोणत्या साधनाने सुपूर्द केला याचा वृत्तांत म्हणजेच घडीकलेचा इतिहास, अशी माझी समजूत असल्यामुळे पुढील विवेचनही मी त्याच अनुरोधाने करणार आहे.

कागद ही चीनची देणगी. इसवी सन १०५ च्या सुमारास हान दरबारातील त्साय लुन या अधिकाऱ्याने कागद करण्याची रीत बादशहापुढे सादर केली, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. कागद व शाई तयार करण्यात निष्णात असा दोन्चो नावाचा भिक्षू ६१० साली कोरियातून जपानात आला, असे ‘निहोन शोकी’ या जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथात नमूद आहे. जपानी कारागिरांनी कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी या झुडपांच्या अंतर्सालीतील लांब लांब तंतूंपासून जो पातळ, चिवट आणि घडीला न कंटाळणारा कागद घडविला, तो नसता तर ही कला तेथे रुजली असती की नाही याची मला शंका वाटते. त्या हातकागदाच्या परंपरेचा युनेस्कोने २०१४ साली मानवाच्या अमूर्त वारशात समावेश केला.

जपानमध्ये घडीचा पहिला मान धार्मिक व दरबारी व्यवहारात होता. विवाहप्रसंगी मद्याच्या सुरयांना बांधावयाची नर-मादी फुलपाखरे, भेटीच्या वस्तूवर लावावयाची नोशी नावाची घडी, निरनिराळ्या नजराण्यांची निरनिराळी वेष्टणे, हा सर्व योद्ध्यांच्या घराण्यांतील ठरीव शिरस्ता होता, आणि त्या शिरस्त्यात जरासाही फरक झाला तर तो अदबीचा भंग समजला जाई. या रीतिरिवाजांचे वंशपरंपरागत जाणकार असलेल्या इसे घराण्यातील सादाताके याने १७६४ साली वेष्टणांच्या घड्यांवर ‘त्सुत्सुमि नो कि’ हा ग्रंथ लिहिला. नमुन्यासहित आणि कारणासहित घडी लिहून ठेवण्याचा हा एक फार जुना प्रयत्न होय.

केवळ आनंदासाठी घातलेल्या घड्यांचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने पुस्तक त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १७९७ साली, क्योतो येथे छापले गेले. ‘सेन्बाझुरु ओरिकाता’ हे त्याचे नाव. कुवाना येथील एका बौद्ध मंदिराचा गिदो नावाचा पुरोहित एकाच कागदाला चिरा देऊन, परंतु त्याचे तुकडे न करता, चोचीला चोच अथवा पंखाला पंख जुळलेल्या क्रौंचांचे समूह घडवीत असे, आणि अशा ४९ रचना या पुस्तकात आल्या आहेत. कागदाला कात्री लावणे म्हणजे कलेशी द्रोह, असे मानणाऱ्या आजच्या कर्मठांनी हे पुस्तक अवश्य पाहावे. न कापण्याचा नियम या कलेला पुढे प्राप्त झाला. तो मला मनापासून प्रिय आहे, तथापि तो सनातन नाही, आणि गिदोच्या चिरा दिलेल्या क्रौंचमालांइतकी नाजूक रचना अखंड कागदातूनही क्वचितच निपजते. परंतु त्या पुस्तकातील चित्रे पाहून घडी घालू गेल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते: कागदाला चिरा कोठे द्यावयाच्या आणि तयार रचना कशी दिसेल हे त्यांत दिसते, मधली वाट मात्र बहुतांशी वाचकाच्या अंगच्या ज्ञानावर सोपविलेली आहे. क्रौंच कसा घडवावा हे त्या काळच्या वाचकाला आईकडून किंवा आजीकडून आधीच मिळालेले असे.

युरोपातही घडीचा एक स्वतंत्र प्रवाह होता. मेजावरील वस्त्रांना चुण्या घालून त्यांचे प्राणी व किल्ले करण्याची विद्या मात्तिया जिगेर याने १६२९ साली पादुआ येथे छापलेल्या ग्रंथात सचित्र दिली आहे, आणि स्पेनमधील मुले कागदाची ‘पाहारिता’ ही चिमणी पिढ्यान्पिढ्या घडवीत आली आहेत. मिगेल दे उनामुनो हा तेथील थोर तत्त्वचिंतक त्या चिमणीचा असा भक्त होता की, १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीच्या अखेरीस त्याने तिच्या शास्त्रावर एक प्रबंधच जोडला आहे. परंतु घडीला शिक्षणात सन्मानाचे आसन दिले ते फ्रीड्रिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणवेत्त्याने. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने बालकांसाठी जी संस्था काढली आणि जिला पुढे बालोद्यान हे नाव मिळाले, तिच्यातील उद्योगांत कागदाच्या घडीला स्थान होते. ज्ञानाच्या घड्या, जीवनाच्या घड्या आणि सौंदर्याच्या घड्या असे तिचे तीन वर्गही त्या संप्रदायात केले जात. १८७६ साली तोक्यो येथील महिला अध्यापन विद्यालयाला जोडून जपानचे पहिले बालोद्यान निघाले आणि फ्रोबेलच्या घड्या तेथील शाळकरी मुलांच्या हाती जाऊन पोहोचल्या. आज ज्यांना आपण निखळ जपानी समजतो त्या पाठ्यपुस्तकी घड्यांत या पाहुण्यांचाही वाटा आहे.

याच फ्रोबेलचे बीज आपल्या देशात मद्रासेला एका अनपेक्षित ठिकाणी उगवले, आणि तो प्रसंग मराठी वाचकाला मी काहीशा विस्ताराने सांगू इच्छितो, कारण आपल्याकडील गणिताच्या अध्यापकांनाही त्याची पुरेशी माहिती नसते. सुंदर राव या सरकारी नोकराने १८९३ साली मद्रास येथे कागदाच्या घडीतून भूमितीचे पाठ देणारे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बालोद्यानाच्या साहित्यातील आठव्या क्रमांकाच्या संचावरून, म्हणजे रंगीत चौरस कागदांच्या आणि घडीच्या सूचनांच्या पेटीवरून, आपल्याला या पुस्तकाची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. लहान मुलांच्या खेळण्यातून निघून हे गृहस्थ समभुज त्रिकोण, नियमित पंचकोन, भूमितिश्रेणी आणि शंकुच्छेद यांपर्यंत पोहोचतात. आणि हे सर्व कंपासाशिवाय, केवळ कागदाची एक कड दुसऱ्या कडेवर आणून. जर्मनीतील विख्यात गणिती फेलिक्स क्लाइन याने आपल्या ग्रंथात या पुस्तकाचा उल्लेख केला, तो बेमन व स्मिथ या अमेरिकन अध्यापकांनी वाचला, आणि १९०१ साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. घनमूळ काढणे घडीच्या आटोक्याबाहेरचे आहे असा राव यांचा कल दिसतो. परंतु १९३६ साली फेर्रारा येथील गणिती मार्गेरिता बेलोक हिने असे दाखवून दिले की, दोन बिंदू एकाच वेळी दोन रेषांवर नेणारी घडी घातल्यास घनसमीकरणही सोडविता येते. युक्लिडच्या पट्टी-कंपासाला जे दोन हजार वर्षे साधले नाही ते एका घडीने साधते, ही गोष्ट आपल्या शाळांतून अद्याप शिकविली जात नाही याचे मला वाईट वाटते.

आता या कलेच्या आधुनिक पर्वाकडे, आणि ज्या एका पुरुषाने ते घडविले त्याच्याकडे वळू. अकिरा योशिझावा यांचा जन्म १४ मार्च १९११ रोजी तोचिगी प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी ते तोक्योतील कारखान्यात कामाला लागले. पुढे तेथेच आराखडे काढण्याच्या कामावर त्यांची बढती झाली, आणि हाताखालच्या नव्या कामगारांना भूमिती शिकविण्याची जबाबदारी आली तेव्हा त्यांनी लहानपणच्या घड्या बाहेर काढल्या. १९३७ साली त्यांनी कारखाना सोडला तो केवळ या कलेसाठी. त्यानंतरची कितीतरी वर्षे, सोया रसात शिजविलेले त्सुकुदानी हे खाद्य दारोदार विकून मिळणाऱ्या तुटपुंज्या उत्पन्नावर त्यांनी काढली. महायुद्धात वैद्यकीय पथकात असताना आजाऱ्यांच्या उशाशी ते घड्या ठेवीत. अखेर ‘असाही ग्राफ’ या नियतकालिकाने राशिचक्रातील बारा प्राण्यांच्या घड्या त्यांच्याकडून करवून घेतल्या, त्या १९५२ च्या आरंभी प्रसिद्ध झाल्या, आणि ज्याला त्याच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हते तो मनुष्य सर्व देशाला ठाऊक झाला.

योशिझावांनी दोन गोष्टी केल्या. पहिली रूपाविषयीची. कागद किंचित ओलसर करून घडी घातली म्हणजे तंतूंचे परस्परांशी असलेले बंध सैल होतात, कागद मातीसारखा वळतो, आणि वाळल्यावर त्याच वळणात घट्ट बसतो. या ओल्या घडीने त्यांच्या प्राण्यांना स्नायू आले, गोलाई आली. त्यांचा गोरिला अथवा हत्ती पाहताना कागदाच्या कडा आणि कोन यांच्याआधी त्या प्राण्याचा भार जाणवतो. दुसरी गोष्ट लिपीविषयीची, आणि माझ्या दृष्टीने ती पहिलीहून मोठी आहे. १९५४ साली आलेल्या ‘अताराशी ओरिगामी गेइजुत्सु’ या पुस्तकात त्यांनी तुटक रेषा, ठिपके आणि बाण यांची एक चिन्हव्यवस्था वापरली: आत वळणाऱ्या दरीघडीला एक रेषा, बाहेर वळणाऱ्या डोंगरघडीला दुसरी, आणि कागदाचे कोणते टोक कोठे न्यावयाचे हे सांगणारे बाण. सॅम्युएल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन या पाश्चात्त्य लेखकांनी तिच्यात थोडी भर घालून तिचा प्रसार केला. आज ब्राझीलमधील मुलगा कोरियातील पुस्तक एक अक्षरही न वाचता उलगडू शकतो तो या रेषांच्या बळावर.

या घटनेचे महत्त्व मराठी वाचकाला चटकन पटावे म्हणून मी पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण करतो. घराण्याघराण्यांतून, उस्तादांच्या कंठात बंदिस्त असलेल्या बंदिशी त्यांनी मिनतवारीने मिळविल्या, स्वरलिपीत बसविल्या आणि छापून सर्वांच्या हाती दिल्या. तेव्हा गाणे कागदावर येते काय, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. आक्षेपात तथ्य होते. मींड किती लांबवावी, श्वास कोठे घ्यावा, हे स्वरलिपी सांगत नाही. त्याचप्रमाणे ओल्या कागदावर अंगठा किती दाबावा हे योशिझावांच्या ठिपक्यांत येत नाही. परंतु लिपी नसती तर किती बंदिशी आज केवळ नावाने उरल्या असत्या? १९५५ साली गर्शन लेगमन यांच्या खटपटीने योशिझावांचे प्रदर्शन आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात भरले, १९८३ साली जपानने त्यांना उगवत्या सूर्याच्या पदकाने गौरविले, आणि २००५ साली, आपल्या ९४ व्या वाढदिवशी, ते निवर्तले. त्यांनी घडविलेल्या रचनांची गणना हजारोंनी केली जाते. पुस्तकांतून रेखाटनासह उतरल्या त्या काही शेकडा. उरलेल्यांचा क्रम त्यांच्या बोटांबरोबर गेला. या अफाट हानीची कल्पना मला पुष्कळदा बेचैन करते.

तिची प्रत्यक्ष जाणीव मला मात्र एका घरगुती प्रसंगाने झाली. माझी एक आत्या निरक्षर होती. रोजकीर्द-खतावणीची बाद झालेली पाने ती जपून ठेवी, आणि पावसाळ्यात त्यांतून आम्हा भावंडांना साधी होडी, शिडाची होडी, राजाराणीची होडी अशा साऱ्या होड्या करून देई. याखेरीज लवंगा-वेलदोडे ठेवण्यासाठी झाकणासहित एक चौकोनी डबी ती एकाच कागदातून करीत असे. ती करताना आम्ही शेकडो वेळा पाहिली आणि कोणीही शिकलो नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तशी एक डबी निघाली. ती मी अलगद उलगडली. जुन्या शाईच्या आकड्यांवरून आडव्या, उभ्या, तिरप्या अशा साऱ्या घडीरेषा स्वच्छ दिसत होत्या. दिसत नव्हता तो क्रम. कोठली रेषा पहिली, कोठली दुसरी, हे कागद उघडपणे सांगत नाही. पुष्कळ दिवसांनी एक बारकावा ध्यानात आला: एकेरी कागदावर पडलेली रेषा सरळ जाते, आणि थरांवर पडलेली रेषा उलगडल्यानंतर आधीच्या घडीरेषेपाशी आरशातील प्रतिबिंबासारखी वळते. त्या वळणांवरून आधी-नंतर ठरवीत ठरवीत डबी पुन्हा घडली. ती आत्याच्याच क्रमाने घडली काय, हे सांगणारे आता कोणी नाही. प्रस्तुत संग्रहाचा उगम त्या उलगडलेल्या कागदात आहे.

योशिझावांच्या नंतर ही कला अनेक संप्रदायांत विभागली गेली. न्यूयॉर्क येथे लिलियन ओपेनहायमर यांनी १९५८ साली ओरिगामीचे केंद्र काढले, १९६७ साली ब्रिटनमधील मंडळीने आपली संस्था स्थापली, आणि त्यांच्या पत्रव्यवहारातून, बैठकांतून जगभरचे एक बिरादरीपण निर्माण झाले. त्यातून पुढे जो शास्त्रीय संप्रदाय निघाला त्याने प्रश्नच उलटा केला: घडी घालता घालता काय निपजते ते पाहावयाचे, ही जुनी रीत, सहा पाय, दोन मिशा आणि पंख असलेला कीटक हवा असेल तर घड्या कोठे पडल्या पाहिजेत हे आधी काढावयाचे, ही नवी रीत. प्रत्येक अवयवाला चौरसावर आपापले वर्तुळ लागते, अवयव जेवढा लांब तेवढी त्याची त्रिज्या, आणि ती सर्व वर्तुळे एकमेकांवर न चढता कशी बसतील हा मूळ प्रश्न, असे घडीकार मेगुरो आणि रॉबर्ट लँग यांनी परस्परनिरपेक्षपणे ओळखले. पदार्थविज्ञानाचे पदवीधर असलेल्या लँग यांनी ही मांडणी करून देणारा संगणकीय कार्यक्रम रचला, आणि २००१ साली नोकरी सोडून ते सर्वस्वी या कलेचे झाले. जुन मायेकावा यांचा शिंगे, जीभ आणि बोटे असलेला सैतान, सातोशी कामिया यांचा अंगभर खवल्यांचा नागासुर, ही याच वाटेवरील शिखरे. १९९० नंतरच्या दशकात अटलांटिक आणि पॅसिफिकच्या दोन्ही तीरांवरील घडीकारांत कोणाचा कीटक अधिक अवयवांचा याची चुरसच लागली होती.

या संप्रदायाविषयी मला नितांत आदर आहे, तरीही माझे अंतःकरण दुसरीकडे ओढ घेते हे सांगितले पाहिजे. एरिक जोएझेल हा फ्रेंच कलावंत मूळचा माती-दगडाचा शिल्पकार; योशिझावांचे काम पाहून तो कागदाकडे वळला, आणि त्याचे वाद्ये वाजविणारे बुटके वा इटालियन प्रहसनांतील पात्रे पाहताना घड्यांची संख्या मोजण्याचे भान राहत नाही. २०१० साली तो अकालीच गेला. त्याउलट टोकाला जॉन स्मिथ या इंग्रज गृहस्थाने, ज्यांची बोटे दुबळी आहेत किंवा ज्यांनी ही विद्या नुकती हाती धरली आहे अशांसाठी, एका वेळी एकच साधी घडी, एवढीच परवानगी देणारा शुद्धघडीचा पंथ काढला. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाचा घटक घेतला तर सहा घटकांचा घन होतो आणि तिसांचा तारकागोल. डिंकाचा थेंबही न लावता केवळ खिशात टोक सरकवून होणाऱ्या या बांधणीला तोमोको फुसे यांनी काव्याची उंची दिली. साबुरो कासे हे दृष्टिहीन घडीकार तर देशोदेशी हिंडून ही कला शिकवीत. क्रम डोळ्यांत नसतो, तो बोटांत असतो, याहून स्पष्ट प्रमाण कोणते द्यावे?

या घडामोडीतून गणिताच्या हाती काही सुंदर सिद्धांत लागले. सपाट मिटणाऱ्या कोणत्याही रचनेतील आतला एखादा बिंदू घ्यावा. त्यातून निघणाऱ्या डोंगरघड्या व दरीघड्या यांच्या संख्येत नेहमी दोनाचाच फरक असतो, हा मायेकावांचा सिद्धांत, आणि त्या बिंदूभोवतीचे एकाआड एक कोन मिळविले की १८० अंश भरतात, हा कावासाकींचा. वाचकाने हाताशी असलेला कागद दोन-तीनदा दुमडावा, उलगडावा आणि हे पडताळून पाहावे. व्यवहारातही घडीचा शिरकाव झाला आहे. कोर्यो मिउरा यांच्या तिरकस घडीने मिटलेली सौरपट्टी १९९५ साली जपानी यानावर अवकाशात गेली आणि तेथे उलगडली. मूळचे भारतीय असलेले मनु प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी स्टॅनफर्ड येथे घडीच्या पुठ्ठ्याचा सूक्ष्मदर्शक घडविला, ज्याचे साहित्य एका डॉलरहूनही स्वस्त पडते. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची आणि कागदाची खेळणी करून विज्ञान खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत नेले, तेही याच कुळातले कार्य. या उपयोगांचा मला अभिमान वाटतो. परंतु उपयोग सिद्ध झाला म्हणून कला वंदनीय ठरली, हा हिशेब मला मान्य नाही.

मग ती आज कशासाठी? हिरोशिमाची सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. १९५५ साली रक्ताच्या कर्करोगाने ती रुग्णालयात पडली, आणि हजार क्रौंच घडविणाऱ्याची इच्छा पूर्ण होते या लोकश्रद्धेने औषधांच्या वेष्टणांतून, मिळेल त्या चिटोऱ्यातून ती क्रौंच घडवीत राहिली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी, बाराव्या वर्षी, ती वारली. १९५८ साली हिरोशिमात बालकांचे शांतिस्मारक उभे राहिले ते तिच्या सोबत्यांनी चालविलेल्या निधीतून, आणि तेथे आजही जगभरातून क्रौंचमाला येतात. ही कथा बहुधा इच्छेची म्हणून सांगतात. मला तीत दुसरेच काही दिसते. शरीरावरची सत्ता जिच्या हातून निसटत होती त्या मुलीच्या स्वाधीन एक काम उरले होते, जे तिला पूर्ण येत होते, आणि ज्यासाठी औषधाचा रिकामा कागद पुरत होता.

घडीचा अर्थ प्रत्येकाच्या आयुष्यात वेगळा लागतो, आणि माझा मी कोणावर लादू इच्छीत नाही. परंतु अध्यापनाच्या दीर्घ काळात जे पाहिले ते लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. वर्गात जी मुले उत्तर देण्यास उठत नसत, त्यांना कोनाचा दुभाजक घडीतून दाखविला असता त्यांची मान ताठ होई. एखाद्या घरी शोकाचा प्रसंग असता, बोलणे सुचत नसे तेव्हा, शेजारी बसून कोणी कागद दुमडू लागले तर दुःखी मनुष्याचेही हात नकळत त्या कागदाकडे जात. आणि घडीची वस्तू विकावी असे फार थोड्यांना वाटते. ती दिली जाते. योशिझावांनीही आपल्या रचना विकल्या नाहीत. आज मुलांच्या बोटांना सपाट काचेवरून सरकण्याखेरीज काम उरलेले नाही. अशा काळात जिच्यासाठी वीज लागत नाही, पैसा लागत नाही, आणि जी एकदा हाती बसली की कोणालाही हिरावून घेता येत नाही अशी विद्या मराठी घरांत पुन्हा यावी, ही माझी उत्कट इच्छा आहे.

आता प्रस्तुत संग्रहाविषयी. यात जपानी परंपरेतील निवडक घड्या आहेत, आधुनिक पद्धतीने रचलेल्या काही आहेत, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या आपल्या घरोघरच्या घड्या आहेत: होड्यांचे प्रकार, टोप्या, शाईच्या दौती, वैद्याच्या पुड्या, डब्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरास एके काळी हातकागदाचे कारखाने होते, दफ्तरखान्यांत कागद घडीने आणि सुरळीने ठेवला जाई. तेव्हा कागद हाताळण्याची जाण या भूमीला नवी नाही. चिन्हे योशिझावांचीच ठेवली आहेत, त्यांत मुळीच फेरफार केलेला नाही, कारण या पुस्तकावर शिकलेल्या मुलाला उद्या जपानी पुस्तक उघडताना अडचण पडू नये. सूचना मात्र मराठीत, आणि शक्य तेथे आपल्या घरांत रूढ असलेल्या शब्दांत दिल्या आहेत. कागद महाग घेण्याचे कारण नाही. घोटीव कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर वर्तमानपत्राचा चौरसही चालेल, फक्त त्याचे कोन काटकोन असावेत. पहिल्या घड्या घाईने न घालता, कड कडेवर नीट आणून, मधून टोकाकडे दाबीत न्याव्यात. पुढील सर्व काम त्यावर अवलंबून असते.

घरोघरच्या ज्या घड्या जुन्या ट्रंकांतून, वह्यांतून आणि पोथ्यांच्या वेष्टणांतून हाती आल्या, परंतु ज्यांचा क्रम सांगणारे कोणी भेटले नाही, त्यांच्या केवळ घडीरेषा शेवटच्या भागात छापल्या आहेत. वाचकांपैकी कोणाच्या हाताला त्यांतील एखादी घडी ठाऊक असेल, अथवा घरातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल, तर त्यांच्याकडून ती सावकाश करवून घेऊन, प्रत्येक पायरीची रेषा काढून आम्हाकडे पाठवावी. पुढील आवृत्तीत ती त्या घराच्या आणि गावाच्या नावासह पूर्ण छापली जाईल.